एकच नमुना, दोन यंत्रं

शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके. मधून भीमा वाहते. चौफुल्यावरून आत वळून पारगावचा पूल ओलांडला की न्हावरा लागतं आणि पुढे शिरूर, म्हणजे जुन्या लोकांचं घोडनदी. या रस्त्यावरून ऊस जातो, दूध जातं, आणि गेली काही वर्षं काचेच्या लहान बाटल्याही जातात. आत पांढरी पूड, वर लेबल, सोबत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र. दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा मूळ पदार्थ बनतो. त्यातला थोडा नमुना कधी दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासायला जातो. माझ्या नोकरीची बरीच वर्षं अशा बाटल्यांच्या मागे गेली. एकाच बाटलीतली पूड दोन यंत्रांवर दोन वेगळी उत्तरं देते तेव्हा काय करायचं, हा त्या नोकरीतला रोजचा प्रश्न होता. या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो आपल्या वाचकांनी वाचावा असा आहे.

आधी कुरकुंभबद्दल. पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाणाऱ्याला हे गाव फिरंगाई देवीमुळे आणि नाकाला झोंबणाऱ्या वासामुळे कळतं. (भोवतालच्या गावांच्या पाण्याच्या तक्रारी हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.) इथे सिप्लाचा कारखाना आहे, एमक्युअरचा आहे, इतरही आहेत. सिप्ला म्हटलं की आपल्या घरांत ख्वाजा अब्दुल हमीद यांचं नाव निघतं. अलिगढला १८९८ मध्ये जन्मलेला हा माणूस बर्लिनमध्ये रसायनशास्त्र शिकला आणि १९३५ मध्ये मुंबईत त्याने केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज ही कंपनी काढली. सिप्ला हे त्याच नावाचं लघुरूप. जुलै १९३९ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. पुढे त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी २००१ मध्ये एचआयव्हीची तीन औषधांची वर्षभराची मात्रा ३५० डॉलरला देऊ केली. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या पुढे होता. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण स्वस्त औषधावर पहिला संशय येतो तो शुद्धतेचा. त्या संशयाला उत्तर म्हणून भाषण चालत नाही. कागदावरचा एक आलेख दाखवावा लागतो. सपाट रेषा, मधे एक उंच सुळका आणि आजूबाजूला अगदी बारीक टेकड्या. सुळका औषधाचा, टेकड्या अशुद्धींच्या. आमच्या भाषेत पीक आणि इम्प्युरिटी.

हा आलेख ज्या यंत्रातून येतो त्याला सगळे एचपीएलसी म्हणतात. त्याच्या पोटात पोलादी नळी असते, तिला कॉलम म्हणतात. बहुतेक वेळा २५ सेंटिमीटर लांब, आतून ४.६ मिलिमीटर रुंद, ५ मायक्रॉनच्या सिलिकाच्या कणांनी ठासून भरलेली. पंप तिच्यातून पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल यांचं मिश्रण दाबाने ढकलतो आणि त्या प्रवाहात औषधाचा थेंब सोडला जातो. उरुसाच्या गर्दीतून घरची मंडळी एकत्र निघाली तरी ज्याला प्रत्येक दुकानापाशी रेंगाळायची सवय आहे तो मागे पडतो, तसं इथे होतं. कणांना चिकटणारा रेणू उशिरा बाहेर येतो, न चिकटणारा लवकर. बाहेर अतिनील प्रकाशाचा दिवा प्रत्येकाची नोंद घेतो. दिवसाला २ ग्रॅमपर्यंत घ्यायच्या औषधात ०.१० टक्क्याहून जास्त असलेली प्रत्येक अशुद्धी कोण आहे हे शोधून काढावं लागतं, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. हजारात एक. इतक्या बारीक टेकडीवर माल पाठवायचा की अडवायचा हे ठरतं.

या शास्त्राची सुरुवात झाली ती एका पद्धतीने, आणि ती पद्धत दुसऱ्याच्या हातात जाताच फसली. मिखाईल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वॉर्सात काम करत होता. रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंग. त्याने काचेच्या नळीत खडूची पूड भरली, वरून पानांचा अर्क ओतला आणि खाली हिरवे-पिवळे पट्टे वेगळे होताना पाहिले. १९०३ मध्ये त्याने हे व्याख्यानात मांडलं आणि १९०६ मध्ये क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. त्या काळी हरितद्रव्याच्या रसायनात शेवटचा शब्द जर्मनीच्या रिचर्ड विल्स्टेटर यांचा होता. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्स्वेतची पद्धत करून पाहिली, पण नळीत भरलेली पूड जास्त तीव्र होती. तिने हरितद्रव्यच मोडून टाकलं. त्यांनी तसं छापलं. पद्धत भरवशाची नाही असा समज पसरला आणि विल्स्टेटर यांना १९१५ चं नोबेल मिळालं. त्स्वेत १९१९ मध्ये वारला.

नंतर जे घडलं ते मला फार आवडतं. विल्स्टेटर यांच्याकडे त्स्वेतच्या रशियन पुस्तकाचं जर्मन भाषांतर पडून होतं. ते त्यांचा शिष्य रिचर्ड कून याच्याकडे आलं. १९३१ मध्ये हायडेलबर्गला कूनच्या हाताखालच्या एडगर लेडरर या तरुणाने ते वाचून त्स्वेतने लिहिलं होतं त्याला धरून नळी भरली आणि गाजरातले पिवळे रंग वेगळे केले. मधे जवळपास पंचवीस वर्षं गेली होती. पद्धत तीच होती, फरक फक्त पुडीचा. मेथड ट्रान्सफर फेल झाली असं आमच्याकडे म्हणतात, त्याचं इतकं मोठं उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. मार्टिन आणि सिंज यांना १९५२ मध्ये याच विषयातल्या कामाबद्दल नोबेल मिळालं. साठच्या दशकात येल विद्यापीठात चाबा होर्वाथ यांनी बारीक कणांच्या नळीतून जोराच्या दाबाने द्रव ढकलणारं यंत्र जुळवलं. जिम वॉटर्स यांच्या कंपनीने अशी यंत्रं विकायला काढली आणि औषध कारखान्यांनी ती उचलली. २००४ मध्ये त्याच कंपनीने यूपीएलसी आणलं. कण ५ ऐवजी १.७ मायक्रॉनचे, नळी बोटाएवढी, आणि दाब जुन्या यंत्राच्या ४०० बारच्या जागी १००० बारपर्यंत. जिथे एका नमुन्याला तास लागायचा तिथे दहा-बारा मिनिटांत काम होऊ लागलं.

नवं यंत्र घ्यायला कारखान्यांचा हात लवकर ढिला होत नाही. पण २००८ च्या शेवटी अ‍ॅसिटोनायट्राइल मिळेनासं झालं. जगात ते मुख्यतः अ‍ॅक्रिलोनायट्राइल बनवताना जोडीला निघतं, आणि अ‍ॅक्रिलोनायट्राइल जातं कृत्रिम लोकर आणि प्लास्टिककडे. मंदीमुळे मोटारींची मागणी पडली, प्लास्टिकची पडली. बीजिंग ऑलिम्पिकसाठी चीनने कारखाने थांबवले, टेक्सासला वादळाने फटका दिला. आणि जगभरातल्या औषध प्रयोगशाळा रिकाम्या बाटल्यांकडे बघत बसल्या. अमेरिकेत मोटार विकली गेली नाही म्हणून गोळी तपासायला द्रावण नाही, अशी ती साखळी. कमी द्रावण पिणारं यंत्र त्या काळात एकदम गोड वाटू लागलं. आमच्या भागाचा यात एक धागा आहे. अल्काइल अमाइन्स ही कंपनी अ‍ॅसिटोनायट्राइल बनवते, तेही अ‍ॅसिटिक आम्ल आणि अमोनियापासून, म्हणजे प्लास्टिकच्या बाजारावर न विसंबता. तिचा एक कारखाना कुरकुंभलाच आहे.

आता भीमेपलीकडच्या त्या बाटल्यांकडे येतो. कारखाना कोणता, प्रयोगशाळा कोणती, औषध कोणतं ते सांगणार नाही, त्याची गरजही नाही. कुरकुंभकडच्या यंत्रावर दोन लहान टेकड्या दिसत होत्या, ०.०७ आणि ०.०८ टक्के. मर्यादा ०.१०, त्यामुळे दोन्ही पास. शिरूर तालुक्यातल्या नव्या यंत्रावर त्याच बाटलीतल्या पुडीने एकच टेकडी दाखवली, ०.१५. फेल. कॉलम तोच कंपनीचा, द्रावण तेच, वेग मिनिटाला १ मिलिलिटर, वेळापत्रकही तेच. आमच्या साहेबांचा फोन आला. "मुल्ला, तुमच्याकडचा रिपोर्ट खरा धरायचा ना?" खरा कोणता हे रिपोर्ट बघून कळत नाही, हे फोनवर समजावणं कठीण असतं.

कारण समजायला घरचा गिझर आठवा. नळ गरमकडे फिरवला तरी पाइपात उभं असलेलं गार पाणी आधी येतं. पाइप लांब असेल तर जास्त वेळ. अशुद्धीच्या तपासणीत सुरुवातीला पाणी जास्त आणि मग हळूहळू अ‍ॅसिटोनायट्राइल वाढवत नेतात, त्याला ग्रेडियंट म्हणतात. दोन्ही द्रव जिथे मिसळतात तिथपासून कॉलमच्या तोंडापर्यंतची जी जागा, ती ड्वेल व्हॉल्यूम. ती कागदावर लिहिलेली नसते, यंत्राच्या पोटात असते. ती मोजायची रीत साधी आहे. कॉलम काढायचा, एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत चिमूटभर अ‍ॅसिटोन घातलेलं पाणी ठेवायचं, ग्रेडियंट चालवायचा आणि रेषा किती उशिरा चढते ते बघायचं. आमच्याकडे १.२ मिलिलिटर निघालं, पलीकडे ०.४. मिनिटाला १ मिलिलिटरच्या वेगाने हा ०.८ मिनिटांचा, म्हणजे ४८ सेकंदांचा फरक झाला. जुन्या यंत्रावर ही ४८ सेकंदं रेणू निवांत पाण्यात चालत होते आणि एकमेकांपासून दूर होत होते. नव्यावर त्यांना लगेच पुढे रेटलं जात होतं. पलीकडच्या वेळापत्रकात सुरुवातीला ०.८ मिनिटांचा थांबा घातला आणि एकाच्या पुन्हा दोन टेकड्या झाल्या.

सगळे खूश झाले. पण त्याच आलेखांत एक गोष्ट होती जिच्याबद्दल कोणी फोन केला नव्हता. मुख्य सुळक्याच्या पाठीमागे आमच्याकडे एक इवलीशी टेकडी दिसायची, ०.०६ टक्क्याची. पलीकडे ती नव्हतीच. फेल झालेल्या निकालाच्या मागे दहा माणसं लागतात. पास झालेल्याकडे कोणी वळून बघत नाही. दिसेनाशी झालेली अशुद्धी मला दुप्पट झालेल्या अशुद्धीपेक्षा जास्त भीतिदायक वाटते. उद्या ती ०.०६ ची ०.३० झाली तरी नवं यंत्र सुळक्याच्या सावलीत ती झाकून ठेवेल, आणि गोळी कुणाच्या तरी पोटात जाईल. "बॅच पास आहे, आता कशाला उकरता?" असं मला विचारणारा माणूस वाईट नव्हता. त्याला महिनाअखेर गाठायची होती. तीन आठवडे गेले. शेवटी पलीकडच्या एका मुलीने, ती दौंडच्याच कॉलेजातून बीएस्सी झालेली, दोन्हीकडच्या कॉलमला बाहेरून तापमापक लावला. दोन्ही पडद्यांवर ४० अंश लिहिलेलं, प्रत्यक्षात फरक जवळजवळ ३ अंशांचा. एका यंत्रात नुसती गरम हवा खेळते, दुसऱ्यात द्रव कॉलममध्ये शिरण्याआधीच तापवला जातो. तापमान जुळवलं आणि ती टेकडी सुळक्यामागून बाहेर आली.

तापमानाचं हे प्रकरण संपल्यावर मी एका जुन्या पुस्तकाबद्दल वाचलं आणि बराच वेळ थांबलो. अब्दुर रहमान अल-खाझिनी याने मर्व शहरात, सुलतान संजरच्या काळात, ११२१ च्या सुमारास ‘मिझान अल-हिकमा’ हा ग्रंथ लिहिला. हिकमतीचा तराजू. धातू किंवा रत्न आधी हवेत आणि मग पाण्यात तोलून त्यात भेसळ आहे का हे ओळखायची विद्या त्यात आहे. त्याच्या आधी शंभर वर्षं अल-बिरूनीने घेतलेली मापं त्याने नोंदवली, आणि नोंदवताना हेही लिहिलं की ती मापं ख्वारिझमच्या जुर्जानियामध्ये, जैहून नदीच्या पाण्यात, शरद ऋतूच्या सुरुवातीला घेतलेली आहेत. कुठलं पाणी आणि कुठला हंगाम! पाणी गरम की गार यावर वजन बदलतं हे त्याला ठाऊक होतं. आज आम्ही हस्तांतराच्या कागदपत्रात यंत्राचा क्रमांक, कॉलमचा क्रमांक आणि खोलीचं तापमान लिहितो, त्याच कुळातली ही नोंद आहे. आपल्याकडे ‘हे सगळं आमच्या पूर्वजांनी आधीच शोधलं होतं’ म्हणणाऱ्यांची कमी नाही, सगळ्याच समाजांत. खाझिनीकडे एचपीएलसी नव्हतं, आणि तसं म्हणून त्याचा मान वाढत नाही. त्याच्याकडे होती ती सवय, आकडा सांगताना परिस्थितीही सांगायची.

भेसळ ओळखायचं कामही जुनं आहे. बाराव्या शतकात सीरियातल्या अब्दुर रहमान अश-शैझरीने मुहतसिबासाठी, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, एक पुस्तिका लिहिली. त्यात अत्तारांचं आणि औषधविक्यांचं प्रकरण आहे. अफूत काय मिसळतात आणि ते कसं ओळखायचं हे तो सांगतो: पाण्यात विरघळवा, केशरासारखा वास आला तर अमुक झाडाचा रस घातलाय, खरखरीत लागली तर जंगली सालादचा. अत्तार म्हणजे आज आपल्याला फक्त सुगंध विकणारा वाटतो. शैझरीच्या बाजारात अत्ताराचं प्रकरण औषधविक्याच्या शेजारी येतं. आपल्या जिल्ह्यात हे आडनाव घरोघरी आहे, आणि घोडनदीच्या बाजारात कापूर जाळून आणि मध कागदावर टाकून पारखणारी माणसं माझ्या लहानपणी होती.

पारख चुकली किंवा केलीच नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल होतं, मूत्रपिंडं निकामी करणारं विष. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्री या सगळ्यांची झाडाझडती घेतली. तो अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. डायइथिलिन ग्लायकॉल ओळखणं अवघड नाही, त्याला १००० बारचं यंत्र लागत नाही. तपासायचं म्हणून तपासणारा माणूस लागतो. २०२२ मध्ये गांबियात भारतीय बनावटीच्या खोकल्याच्या औषधांवरून जे झालं ते तेच रसायन होतं, आणि गांबिया हा बहुतांश आपल्याच धर्माच्या गरीब माणसांचा देश. हमीदांच्या ३५० डॉलरबद्दल बोलताना गांबियाच्या त्या मुलांबद्दलही बोललं पाहिजे.

नियमांचं पुस्तक आता थोडं सैल झालंय. अमेरिकी फार्माकोपियाचं ६२१ क्रमांकाचं प्रकरण सांगतं की लिहिलेल्या पद्धतीत किती फेरफार चालेल. ग्रेडियंट असलेल्या पद्धतीत कॉलमची लांबी किंवा कणांचा आकार बदलायला पूर्वी मोकळीक नव्हती. १ डिसेंबर २०२२ पासून ती अटींसह मिळाली. मुख्य अट अशी की लांबी आणि कणाचा आकार यांचं गुणोत्तर ठरलेल्या पट्ट्यात राहायला हवं. २५० मिलिमीटर आणि ५ मायक्रॉन यांचं गुणोत्तर ५० हजार, १०० मिलिमीटर आणि १.७ मायक्रॉन यांचं सुमारे ५९ हजार, म्हणजे बसतं. ड्वेल व्हॉल्यूमचाही तिथे उल्लेख आहे. तरी आकडे जुळले म्हणून टेकड्या जुळतीलच असं नाही, त्या दाखवाव्याच लागतात. जुन्या पद्धतीने मंजूर झालेली औषधं अजून शेकड्यांनी आहेत, आणि म्हणून अनेक प्रयोगशाळांत वीस वर्षं जुनं यंत्र कोपऱ्यात जपून ठेवलेलं दिसतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं. त्याच्यावरच ती पद्धत नीट चालते.

यंत्र स्वतःच अशुद्धी बनवतं, असंही झालेलं आहे. २०१९ मध्ये व्हॅलिश्युअर या अमेरिकी प्रयोगशाळेने जाहीर केलं की आम्लपित्तावरच्या रॅनिटिडीनच्या एका गोळीत एनडीएमए हे कर्करोगाशी जोडलेलं रसायन ३० लाख नॅनोग्रॅमच्या वर सापडलं. रोजची मान्य मर्यादा ९६ नॅनोग्रॅम. आकडा बघूनच जाणकारांना शंका आली. त्यांनी वायू क्रोमॅटोग्राफी वापरली होती, त्यात नमुना १३० अंशांना तापवतात, आणि रॅनिटिडीनचा रेणू त्या उष्णतेत मोडून स्वतःच एनडीएमए तयार करतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलं, ही पद्धत इथे चालणार नाही, न तापवणारी द्रव क्रोमॅटोग्राफी वापरा. त्या पद्धतीने आकडे हजारो पटींनी खाली आले. प्रकरण मिटलं असं वाटलं. पण काही गोळ्यांत मर्यादेपेक्षा थोडं जास्त एनडीएमए तरीही निघत होतं, आणि पुढच्या तपासणीत दिसलं की गोळी नुसती ठेवून दिली तरी ते वाढतं, उष्णतेत जास्त वेगाने. १ एप्रिल २०२० रोजी त्याच प्रशासनाने अमेरिकेतलं सगळं रॅनिटिडीन बाजारातून काढून घ्यायला सांगितलं. पहिल्या प्रयोगशाळेची पद्धत चुकीची होती, संशय चुकीचा नव्हता. भारतात हे औषध त्यानंतरही विकलं जात राहिलं. मे महिन्यात दौंडचा पारा ४० च्या वर जातो, आणि स्टेशनाबाहेर पत्र्याच्या छपराखाली औषधांची दुकानं आहेत.